व्हिसाच्या पाठीवरची हॅट्ट्रिक

माझी बायको पहिल्यांदा मस्कतला आली तेव्हा तिच्या व्हिसाच्या पाठीवर एक हॅट्ट्रिक होती.

हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग विजयाकडे बघतो. (विजया म्हणजे माझी बायको. हॅट्ट्रिकवाली.) ती शांतपणे म्हणते, "खरं आहे ते. पण त्यांना पुढचं विचारा." पुढचं मी कधी सांगत नाही! तिथवर आलं की मला एकदम फोन करायचा असतो, नाहीतर गॅसवर दूध आहे असं वाटायला लागतं.

पण परवा आमच्या बौशरच्या घरी यशवंत आला, आणि माझा नाइलाज झाला. यशवंत हा माझा लग्न होऊनही सडाफटिंग असतानाच्या काळातला खोलीसोबती. साताऱ्याकडचा. मस्कतमधल्या वादी कबीरला एका खोलीत आम्ही चौघे राहायचो, त्यात आम्ही दोघे आमचा बॉलर कासमभाई याचे भक्त. दोन भक्त एकत्र आले की काय होतं? चहा येईपर्यंत भांडण!

"तो शेवटचा बॉल ऑफस्पिन होता," यशवंत म्हणाला.

"लेगस्पिन!"

"अरे, मी पॉइंटला उभा होतो!"

"तू पॉइंटला भजी खात होतास! मी लिहिलंय तो बॉल, माझ्या हातानं!"

"लिहिलंय ना?" स्वयंपाकघरातून विजयाचा आवाज आला. "मग कशावर लिहिलंय तेही सांगा. सगळं सांगा आज. नाहीतर मी सांगते."

ती सांगणार म्हणजे मीठमसाला लावून सांगणार. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा कासमभाई दापोलीकडचा. वादी कबीरच्या एका टायर वर्कशॉपमध्ये काम करायचा. आठवडाभर ट्रकची टायरं उचलायची आणि शुक्रवारी नमाज पढून दुपारी दोनला मैदानात यायचं. मैदान म्हणजे काय, तर काळ्या उघड्या डोंगरांच्या कुशीतली खडी! गवताचं एक पातं नाही. मधे सिमेंटची पट्टी, कडेला उभे केलेले ट्रक म्हणजे बाउंड्री, आणि टेनिसच्या बॉलला इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली. फील्डर पडला की आधी डेटॉल यायचं, मग टाळ्या.

या खडीवर कासमभाई जे जे टाकायचा ते ते मी आजपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हातून पाहिलेलं नाही. उजव्या हातानं फास्ट. त्याच हातानं ऑफस्पिन. त्याच हातानं लेगस्पिन. आणि मूड लागला की डाव्या हातानंसुद्धा फास्ट! अंपायर बिचारा दर बॉलला विचारायचा, "कासमभाई, अब कौनसा हाथ?" आणि कासमभाई म्हणायचा, "जो खाली होगा!" समोरचा बॅट्समन अर्धा तिथेच बाद व्हायचा. (बॅटिंगचं विचाराल तर कासमभाई अकरावा यायचा आणि बाराव्या मिनिटाला परत जायचा. देव सगळंच एकाला देत नाही.)

आणि मी? मी स्कोअर लिहायचो.

हसू नका. मी एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, अक्षर सुंदर, रेघा सरळ. खेळायला गेलो असतो तर दोन्हीही उरलं नसतं. आता साधा स्कोअर कोणीही लिहील, पण कासमभाईचा प्रत्येक बॉल नुसता टिंब देऊन सोडायचा? छे! मी खास पद्धत काढली होती. फास्टला त्रिकोण, ऑफस्पिनला उजवीकडे वळणारा बाण, लेगस्पिनला डावीकडे वळणारा, उजवा हात निळ्या पेनानं, डावा हात लाल पेनानं, आणि विकेट पडली की हिरव्या पेनानं भोवती महिरप. त्यामुळे इतरांच्या पाच ओव्हर जिथे मावत तिथे कासमभाईची एक ओव्हर मावायची.

"दिनू, तू स्कोअर लिवतस की रांगोळी काढतस?" कासमभाई विचारायचा. पण आतून खूश असायचा. मॅच जिंकली की तो कागद स्वतःच्या हातानं आमच्या कॅफेटेरियाच्या फळीवर चिकटवायचा. हा आमच्या टीमचा रिवाज. कॅफेटेरियाचा मालक मल्याळी, सगळे त्याला चेट्टन म्हणत. त्यानं मेन्यू लिहायची प्लायवुडची एक भलीमोठी फळी आमच्यासाठी अर्धी मोकळी सोडली होती. डाव्या बाजूला पराठा, अंडा रोस्ट, सुलेमानी चहा. उजव्या बाजूला आमचे विजय. आणि चिकटवायला काय, तर पंक्चरचं सोल्यूशन! टायरला लावलेला तुकडा ज्यानं सुटत नाही तिथे कागदाची काय कथा!

आता घरचं सांगतो. मी मस्कतला आलो तेव्हा विजयाला चौथा महिना होता. पुढे मुलगी झाली, प्राजू. ती मी पाहिलीच नव्हती! तिचं बारसं मला पत्रातून कळलं, पहिला दात पत्रातून, पहिलं पाऊल पत्रातून. दोन वर्षांनी कंपनीनं मला फॅमिली स्टेटस दिलं, मी वादी कबीरलाच दोन खोल्या घेतल्या, आणि मायलेकी यायच्या ठरल्या. विजयानं लिहिलं होतं, "प्राजू आता 'बाबा' म्हणते. एअरपोर्टवर बाबाकडे धावत जाणार म्हणते." हे पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. यशवंतच्या देखत वाचायची चोरी, म्हणून बाथरूममध्ये जाऊन वाचायचो. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. ती पोर धावत येईल आणि मला बाबा म्हणेल, बस्स!

त्या वेळची व्हिसाची पद्धत अशी होती. व्हिसाचा ओरिजिनल कागद इकडे नवऱ्याकडे. बायकोकडे नुसती झेरॉक्स. नवऱ्यानं विमान उतरायच्या आत ओरिजिनल एअरपोर्टच्या काउंटरवर जमा करायचा, तो आत जातो, बायको झेरॉक्स दाखवते, दोन्ही जुळलं की बाहेर. ओरिजिनल नसेल तर? तर आल्या पावली परत मुंबई! आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, त्यानं तो कागद पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "देखो, इस पे बीवी, बच्ची, दोनों का नाम है. गुम हो गया तो दूसरा नहीं मिलेगा. समझा?"

"समझा."

"क्या समझा?"

"गुम नहीं होना."

"शाबास."

मी तो गुम केला नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो!

विमान शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला. आणि त्याच शुक्रवारी दुपारी दोनला फायनल. रुवीच्या टीमबरोबर!

आता कोणी म्हणेल, अरे शहाण्या, सकाळीच जाऊन कागद जमा करायचा होतास. विजयाही तेच म्हणते. तेव्हापासून म्हणतेय. पण सकाळी मी घर धूत होतो हो! नवा पडदा लावत होतो, प्राजूसाठी आणलेली बाहुली कधी पलंगावर बसव, कधी खुर्चीवर बसव, असं चाललं होतं. त्यात गाडी नाही. (लायसन्सच्या परीक्षेत मी पाच वेळा नापास झालो होतो. त्यात एकदा तर गाडी सुरू करायच्या आधीच.) मी हिशेब केला. टॉस जिंकून आपण आधी बॉलिंग घेणार, कासमभाईच्या तीन ओव्हर लिहायच्या, तीनला टॅक्सी, साडेतीनला एअरपोर्ट. एकदम चोख!

टॉस हरलो. रुवीवाल्यांनी आम्हाला बॅटिंग दिली.

"जा आता," यशवंत म्हणाला. "स्कोअर मी लिहितो."

"तू? तुला त्रिकोण काढता येतो का?"

"दिनू, बायको येतेय तुझी!"

"सव्वासहाला येतेय. कासमभाई चारला येतोय."

हे वाक्य यशवंतनं पुढे विजयाला जसंच्या तसं सांगितलं. मित्र हे असे असतात.

आमची इनिंग संपली तोवर माझा एक कागद भरला. दुसरा कागद वाऱ्यानं उडून एका ट्रकखाली गेला आणि तो ट्रक निघून गेला. बाउंड्रीच निघून गेली म्हणून त्यावरही पाच मिनिटं वाद! तिसऱ्या कागदावर मी दाटीवाटीनं लिहीत होतो, तर यशवंतनं चहाच्या वेळी गरम मिरची भजी थेट त्याच्याच मोकळ्या अर्ध्या भागावर ओतून घेतली. तेल असं पसरलं की पेनच उठेना. यशवंत म्हणतो, मीच त्याला "ठेव इथे" म्हणालो. मला आठवत नाही.

साडेचार वाजले. शेवटची ओव्हर. रुवीला नऊ रन हव्यात, तीन विकेट शिल्लक. आणि बॉल कासमभाईच्या हातात!

आणि माझ्याकडे कागद नाही.

त्या क्षणी माझं काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. कासमभाईची फायनलमधली शेवटची ओव्हर, आणि ती लिहिली जाणार नाही? माझा हात खिशात गेला. पाकीट लागलं. पाकिटात घडी केलेला कागद. बाहेर काढला, उलटा मांडीवर पसरला. पांढरा स्वच्छ! जाड! मनात आलं, वा, काय कागद आहे! बस्, एवढंच मनात आलं.

"कसला कागद रे तो?" यशवंतनं पॉइंटवरून ओरडून विचारलं.

"असेल कसलातरी!" मी म्हणालो.

पहिला बॉल, उजवा हात, फास्ट. चौकार! निळा त्रिकोण. आता पाच बॉलमध्ये पाच. दुसरा बॉल, कासमभाईनं धावता धावता हात बदलला. डावा! बॅट्समनचा मधला स्टंप मागच्या खडीत जाऊन पडला. लाल त्रिकोण, हिरवी महिरप. तिसरा बॉल, ऑफस्पिन. नवा गडी पुढे सरसावला, बॉल आत वळला, कीपरनं बेल्स उडवल्या! बाण, महिरप. चौथा बॉल, लेगस्पिन. (लेगस्पिनच!) शेवटच्या गड्यानं आंधळा पट्टा फिरवला, बॉल वर, आणि कासमभाईनं आपल्याच बॉलिंगवर आकाशातून आलेला तो कॅच एका हातात घेतला. हॅट्ट्रिक! ऑल आउट! मॅच!

मी उड्या मारत होतो, रडत होतो, आणि तशातही महिरप काढत होतो. तिन्ही रंगांत "विजयी" असं लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली. कासमभाई घामानं निथळत आला, कागद बघितला आणि म्हणाला, "आण हिकडं. आज ह्योच चिकटवूया. बाकीचं ऱ्हाऊ दे."

मी कागद त्याच्या हातात दिला. आनंदानं दिला! मग घड्याळात बघितलं. पावणेपाच! छातीवर हात मारला, खिशात पाकीट होतं. जिवात जीव आला. टॅक्सी पकडली आणि पळालो.

एअरपोर्टच्या काउंटरवर एक ओमानी अधिकारी बसला होता. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, चेहऱ्यावर हसू. मी ऐटीत पाकीट पुढे केलं. त्यानं उघडलं. आत बघितलं. पाकीट उलटं करून झटकलं. मग माझ्याकडे बघितलं.

"व्हिसा?"

"अंदर है साहब."

त्यानं पाकीट माझ्याकडे वळवून दाखवलं. आत फक्त हवा होती.

मी खिसे उलटे केले. टेबलावर पडलं काय? निळं पेन, लाल पेन, हिरवं पेन, आणि अर्धी मिरची भजी.

"पेन है," अधिकारी म्हणाला. "पेपर नहीं है."

तेव्हा मला तो कागद दिसला. डोळ्यांसमोर अगदी लख्ख दिसला. पांढरा, स्वच्छ, जाड! खरं सांगतो, त्या वेळी मला हसू वगैरे काही आलं नाही. विजया प्राजूला कडेवर घेऊन एवढा समुद्र ओलांडून येणार आणि दारातून परत जाणार, का, तर बापाला बाण काढायचे होते!

कार्ड टाकून फोन लावला. चेट्टननं उचलला. मागे टीमचा नुसता कल्ला.

"चेट्टन! वो पेपर! चिपकाया क्या?"

"चिपकाया! बहुत अच्छा लगता है. बीच में लगाया."

"निकालो उसको!"

"कैसे निकालेगा? सोल्यूशन दो बार लगाया. कासमभाई बोला, फायनल है, मजबूत लगाओ."

"अरे वो मेरी बीवी है!"

"क्या?"

"पेपर के पीछे मेरी बीवी है!"

चेट्टननं फोन दुसऱ्याच्या हातात दिला. मग यशवंतचा आवाज आला. मी रडत रडत सांगितलं. यशवंत मला बरंच काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग कासमभाई आला.

"दिनू, रडू नको. विमान कवा?"

"सव्वासहाला!"

"मंग टाइम हाय. मी येतंय."

"पण तो कागद ओढून काढू नका हं! फाटेल!"

"ओढतंय कशाला? मी फळीच घेऊन येतंय."

आणि तो आला! सहा वाजून वीस मिनिटांनी. विमान उतरलं होतं, त्याचा आवाज मी बाहेरून ऐकला होता. तेवढ्यात वर्कशॉपची पिकअप पार्किंगमध्ये शिरली. पुढे कासमभाई आणि यशवंत. मागे आमची टीम खडीच्या धुळीनं माखलेली, आणि सगळ्यांनी मिळून धरलेली चेट्टनची प्लायवुडची फळी. पराठा, अंडा रोस्ट, सुलेमानी, आणि मधोमध माझा संसार!

कासमभाईनं सीटखालून सरबताची एक बाटली काढली आणि चिंधीवर ओतली. पेट्रोल! सोल्यूशन सोडवायला पेट्रोलच लागतं, वर्कशॉपच्या माणसाला ते कोणी शिकवायला नको. पण हे आम्ही करत होतो कुठे? एअरपोर्टवर! एक पोलिस तिथल्या तिथे हजर झाला.

"बाटली में क्या है?"

"पेट्रोल, साहब," कासमभाई म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"एअरपोर्ट पे पेट्रोल?"

"पंक्चर का है."

"पंक्चर किसका?"

"इसका," असं म्हणून कासमभाईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

पोलिसानं माझं तोंड बघितलं आणि त्याला ते पटलं असावं. त्यानं बाटली ताब्यात घेतली, चिंधी राहू दिली आणि स्वतः आमच्या डोक्यावर उभा राहिला. कासमभाईनं डाव्या हातानं चिंधी दाबली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी कागदाचा कोपरा उचलला.

"लवकर, कासमभाई, लवकर!"

"गप. हा फास्टचा काम नाय. हा लेगस्पिनचा काम हाय."

सूत सूत करत कागद सुटायला लागला. शेवटचा कोपरा सुटला आणि सगळ्यांनी हॅट्ट्रिकला केला नव्हता एवढा आरडाओरडा केला. पोलिसानंही टाळी वाजवली, मग लक्षात आल्यावर हात मागे घेतले.

आम्ही धावत काउंटरवर गेलो. (घाईत दोघांनी फळीही बरोबर आणली.) अधिकाऱ्यानं कागद घेतला. बोटाला चिकटला. सोडवला, तर टेबलाच्या काचेला चिकटला. तिथून काढून त्यावर शिक्का मारला, तर शिक्क्यालाच चिकटून वर गेला! त्यानं शिक्का फिरवून खालून बघितलं आणि त्याला मागची बाजू दिसली. त्रिकोण, बाण, लाल, निळे, हिरव्या महिरपी.

त्याचं हसू मावळलं.

"ये क्या है? नक्शा?"

"नहीं साहब, बॉल है."

"कौनसा बॉल? ये लाल क्या है?"

"लाल बायाँ हाथ. नीला दायाँ हाथ."

"किसका हाथ?"

मी कासमभाईला पुढे ढकललं. अधिकाऱ्याला क्रिकेटचं ओ की ठो कळत नव्हतं, तो फुटबॉलवाला. त्यानं बाणावर बोट ठेवलं. "ये टेढ़ा क्यों जाता है?"

आता लेगस्पिन हिंदीतून कसा समजावणार? कासमभाईनं दोन पावलं मागे घेतली आणि रिकाम्या हातानं टाकूनच दाखवला. अधिकारी खुर्चीतून उठला. "और लाल वाला?"

"उसको थोड़ा जगह लगेगा, साहब."

जागा केली! पोलिसानं ट्रॉल्या बाजूला सारल्या. कासमभाई पार दारापाशी गेला, तिथून धावत आला, मधेच हात बदलला आणि डाव्या हातानं असा काही सणसणीत बॉल टाकला, हातात बॉल नव्हता तरी मी डोळे मिटले! टीमनं टाळ्यांचा कडकडाट केला. उतारू थांबून बघायला लागले. यशवंत ओरडला, "हाऊज दॅट!" मी त्याच भरात, सवयीनं, खिशातून लाल पेन काढलं.

आणि मान वर केली तर काचेच्या पलीकडे विजया उभी होती. कडेवर प्राजू, हातात झेरॉक्स. दोन वर्षांनी तिला नवरा दिसत होता. अंगावर धूळ, गालावर भजीचं तेल, पाठीमागे अंडा रोस्टची फळी.

"यल्ला, खलास!" अधिकारी हसून हसून डोळे पुसत म्हणाला. "अंदर भेजो पेपर. नहीं तो ये आदमी रात तक बॉल डालेगा!"

कागद आत गेला. दहा मिनिटांत मायलेकी बाहेर आल्या.

मी गुडघ्यावर बसलो. दोन्ही हात पसरले. विजयानं प्राजूला खाली ठेवलं. लाल फ्रॉक, दोन इवल्या शेंड्या. माझी पोर! तिनं आमच्या घोळक्याकडे बघितलं, तिचे डोळे चमकले आणि ती धावत सुटली. "बाबाऽऽ!"

धावत आली. माझ्या पसरलेल्या हातांच्या बाजूनं वळली. आणि कासमभाईच्या पायाला घट्ट मिठी मारली.

"बाबा!"

कासमभाईचा चेहरा असा झाला की सलग सहा सिक्सर बसल्यावरही झाला नसता. "अगो बाय माजे, मी नाय! ह्यो, ह्यो बग तुजा बाबा!" असं म्हणत तो तिला सोडवत होता, पण पंक्चरच्या सोल्यूशनपेक्षा तिची मिठी पक्की होती!

"विजया," मी कसाबसा म्हणालो, "हे काय?"

"मला काय विचारता?" विजया म्हणाली. दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य! "दर महिन्याला फोटो पाठवलात ना? तेवीस फोटो! सगळ्यांत मधोमध कोण? हे, बॉल टाकताना! आणि तुम्ही? कोपऱ्यात खुर्चीवर, मान खाली घालून लिहिताय! एका तरी फोटोत तोंड दिसतंय का तुमचं? मी बोट दाखवून दाखवून दमले, पण पोरीनं जो माणूस दिसला त्यालाच बाबा ठरवलं. तिचं काय चुकलं?"

कोणाचंच काही चुकलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसल्या बसल्या कासमभाईकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा राग आला. पण विजयाच्या तोंडावर हसू फुटत होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघी ओमानच्या जमिनीवर उभ्या होत्या. मला आणखी काय हवं होतं? एवढा एक शब्द तेवढा हवा होता.

कासमभाईनं प्राजूला उचललं, माझ्यासमोर आणून अलगद ठेवलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग आईकडे वळून विचारलं, "आई, हे तोण?"

विजयानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे होय? हे स्कोअर लिहितात, बाळा."